थांबण्याचं व्याकरण

(नाशिक इथल्या एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी संयोजकांना म्हटलं, तुमची काहीतरी गल्लत होते आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांनी आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं. मी कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि उरलेल्या वेळात पोरांना ते लिहायला शिकवतो. गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेनं ज्या गावाला वक्ते पारखायची सवय लावली, तिथे मी कासव आणि वायर घेऊन उभं राहायचं म्हणजे जरा धाडसच. संयोजक म्हणाले, "तुम्ही सरांचे विद्यार्थी ना? मग झालं तर."

कासव आणि वायर खरंच आणली आहे. या टेबलावर दोन लॅपटॉप आहेत आणि त्यांच्यामध्ये ही निळी वायर. ती कशाला, ते शेवटी.

सुरुवात सरांच्या वर्गापासून करतो. आठवीत सरांनी विचारलं होतं, "टेबल कुठल्या भाषेतला शब्द?" सगळे ओरडलो, "इंग्रजी!" "आणि टेबलावर?" वर्ग गप्प. सर म्हणाले, "टेबल इंग्रजी. टेबलावर मराठी. शब्द आपल्या घरात आला, त्यानं आपलं सामान्यरूप घेतलं, आपलं 'वर' हे शब्दयोगी अव्यय लावून घेतलं, आता तो आपला." मग त्यांनी दुसरा रस्ता दाखवला. इथून जवळच असलेल्या भगूरचे सावरकर. त्यांनी मेयरला सामान्यरूप देत बसण्यापेक्षा 'महापौर' हा नवाच शब्द घडवला. सर दोन्ही रस्त्यांना मान देत, पण कसोटी एकच लावत: शब्दाला विभक्ती लागते का? लागली तर भाषा वाढली. नाही लागली तर नुसता पाहुणा आला, चहा पिऊन गेला.

आमच्या धंद्यातही भाषा वाढवाव्या लागतात. 'सी-प्लस-प्लस' ही भाषा घ्या. ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी 1979 साली बेल लॅब्जमध्ये तिच्यावर काम सुरू केलं, 1983 मध्ये तिला हे नाव मिळालं. विमानापासून बँकेपर्यंत सगळीकडे ती चालते. पण तिच्या प्रमाण ग्रंथालयात, म्हणजे लायब्ररीत, आजही पडद्यावर एक रेघ मारायला शब्द नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायलाही नाही. हे शब्द ज्याचे त्यानं आणायचे.

ते कसे आणावेत याचा एक नमुना आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक अभिराम रानडे यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी 'सिंपलसीपीपी' नावाची भर सी-प्लस-प्लसला घातली. त्यांचं 2014 चं प्रोग्रॅमिंगचं पुस्तक तिच्यावरच उभं आहे. कल्पनेचं मूळ जुनं आहे. 1967 साली सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली, तिच्यात पुढे कासव आलं. कासवाला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. ते चालतं आणि मागे रेघ उमटते. रानडे यांनी ते कासव सी-प्लस-प्लसच्या अंगणात सोडलं. मुलाचा पहिला प्रोग्रॅम एवढाच असतो: कासवाची खिडकी उघड, चार वेळा कर, शंभर पुढे, नव्वद उजवीकडे, पाच सेकंद थांब. पडद्यावर चौकोन येतो आणि मागच्या बाकावरचा पोरगाही खुर्ची पुढे ओढतो.

यातलं 'चार वेळा कर' जवळून बघण्यासारखं आहे. मुलं 'रिपीट(4)' असं लिहितात. सी-प्लस-प्लसला 'रिपीट' ठाऊकच नाही. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याच्या आधी एक कारकून बसलेला असतो, त्याला प्रीप्रोसेसर म्हणतात. त्याला सांगून ठेवलं आहे की रिपीट दिसलं की ते पुसायचं आणि तिथे 'फॉर'चं अख्खं वाक्य लिहायचं, मोजणी ठेवणाऱ्या एका लपवलेल्या आकड्यासकट. कंपायलरपर्यंत जातं ते शुद्ध सी-प्लस-प्लस. रिपीटच्या पोटात रिपीट लिहिला तरी बिघडत नाही, कारण आतला आकडा बाहेरच्याला झाकून घेतो आणि दोघांची मोजणी वेगळी राहते. ही सरांची विभक्ती. शब्द बाहेरून आला, पण वाक्यात हवा तिथे बसला. कासवाचंही तसंच: दोन कासवं करा, दहा करा, रांगेत ठेवा, एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे धाडा. 'कासवावर', 'कासवांनी', 'कासवापासून', सगळं चालतं.

गाय स्टील नावाचे एक मोठे भाषातज्ज्ञ, संगणकभाषांचे, त्यांनी 1998 मध्ये याच विषयावर एक व्याख्यान दिलं. भाषा लहान असावी, पण वाढता येईल अशी असावी, आणि वाढवण्याची सोय वापरणाऱ्याच्या हातात असावी, हा त्यांचा मुद्दा. तो पटवायला ते फक्त एकाक्षरी उच्चाराचे इंग्रजी शब्द वापरून बोलू लागले. मोठा शब्द हवा असला की आधी त्याची व्याख्या करायची, मगच तो वापरायचा. हा प्रयोग मराठीत करावा असं मनात आलं होतं. पण 'मी ये, तू जा, तो खा' इथवर आल्यावर व्याख्यान संपतं.

असो. शब्द आणणं जमतं, एवढं तुमच्या लक्षात आलं. मला खरं बोलायचं आहे ते त्या चौकोनाच्या प्रोग्रॅममधल्या शेवटच्या ओळीबद्दल: पाच सेकंद थांब. ती नसली तर चौकोन पुरा होताच खिडकी मिटते, मूल म्हणतं, "सर, काही आलंच नाही." म्हणजे मुलाच्या पहिल्याच चित्रात थांबणं आलं. माझं म्हणणं असं की चित्र आणि नेटवर्क या दोन गोष्टींसाठी भाषा वाढवायची म्हणजे रेघा आणि वायरी यांचे शब्द आणायचे असं आपल्याला वाटतं, पण ते वरवरचं काम आहे. मुळात भाषेला थांबायला शिकवायचं असतं. ते शब्दानं होत नाही, व्याकरण बदलावं लागतं.

थांबण्याचे प्रकार असतात. 'पाच सेकंद थांब' हे डुलकी काढणं. तेवढ्यात कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. सिंपलसीपीपीत पुढचा शब्द येतो 'गेटक्लिक': माऊसची कळ दाबली जाईपर्यंत थांब आणि कुठे दाबली ते सांग. उत्तर गमतीशीर आहे, एकच आकडा मिळतो. त्याला 65536 नं भागलं की भागाकार म्हणजे आडवं अंतर, बाकी म्हणजे उभं. एका पुडीत दोन वस्तू. पण हे थांबणं म्हणजे एकाच दाराकडे टक लावून बसणं. तेवढ्यात चेंडू हलवायचा असेल तर? मग तिसरा शब्द, 'चेकइव्हेंट': दारात कुणी आहे का बघ, नसेल तर लगेच परत ये. आता प्रोग्रॅमला येरझाऱ्या घालता येतात. थोडा चेंडू हलव, दार बघ, पुन्हा चेंडू. इथे मुलाच्या प्रोग्रॅमची घडण बदलते. तोवर वरून खाली वाचत येणारी गोष्ट होती, आता ती फिरत राहणारी राखण झाली.

ही राखण किती महत्त्वाची, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इथल्या सातपूरला शिकलो.

1998 च्या सुमाराची गोष्ट. एका कारखान्यात बारा यंत्रांची हालचाल एका पडद्यावर दाखवायची होती. यंत्र चालू असेल तर हिरवा चौकोन, बंद असेल तर लाल. मी टिकल नावाची भाषा घेतली. जॉन औस्टरहौट यांनी 1988 मध्ये बर्कलीत ती केली तीच मुळी वाढवण्यासाठी. भाषा इवलीशी, कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येईल अशी. तिला त्यांनीच 'टीके' ही चित्रांची जोड दिली, एका ओळीत बटण. 1996 च्या आवृत्तीत दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायचं सॉकेटही भाषेच्या पोटात आलं. मला वाटलं, शब्द सगळे मिळाले. दर दोन सेकंदांनी पहिल्या यंत्राला विचार, उत्तर वाच. दुसऱ्याला विचार, उत्तर वाच. दोन दिवसांत पडदा तयार झाला. पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी रात्रपाळीचे सुपरवायझर केबिनमध्ये आले. "साहेब, तीन नंबर अर्धा तास झाला बंद आहे आणि तुमचा डबा हिरवागार." मी पडद्याकडे पाहिलं. बाराच्या बारा चौकोन हिरवे. आकडेमोडीची छोटी खिडकी उघडी होती, ती माऊसनं बाजूला ओढली, तर ती जिथून जिथून गेली तिथे तिथे तिचा ओघळ राहिला, ओल्या भिंतीवरून बोट फिरवल्यासारखा. झाकलेला भाग उघडा पडला की पडदा प्रोग्रॅमला सांगतो, एवढा तुकडा पुन्हा रंगव. माझा प्रोग्रॅम ऐकतच नव्हता. तो सात नंबरच्या दारात उभा होता. सात नंबरची वायर हातगाडीखाली येऊन तुटली होती, त्या यंत्राचं उत्तर येणार नव्हतं, आणि मी त्याला उत्तर येईपर्यंत थांब असं सांगून ठेवलं होतं. तीन नंबर बंद पडलं ते त्याच्या नंतर. चौकोन हिरवे होते, पण ते अर्ध्या तासापूर्वीचे हिरवे होते.

तुम्ही म्हणाल, वायर तुटल्याचं कॉम्प्युटरला कळत नाही? नाही कळत. इंटरनेटचा जो नियम आहे, टीसीपी, त्यात दोघं गप्प असतील तर जोडणी शाबूत आहे असंच धरतात. गप्प बसलेला माणूस आहे की गेला हे मधूनमधून तपासायची सोय आहे, पण तिची ठरलेली मुदत किमान दोन तासांची. दोन तासांत रात्रपाळीचा चहा दोनदा होतो.

दुरुस्ती एका रात्रीत झाली. टिकलमध्ये एक आज्ञा आहे, 'फाइलइव्हेंट'. सॉकेटवर काही आलं तरच मला उठव, तोवर मी इतर दारं बघतो. म्हणजे माऊस, यंत्रं, घड्याळ, सगळ्यांची एकच राखण. ओघळ गेले. पण मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दहा सेकंद उत्तर नाही आलं तर चौकोनाला रंग कुठला द्यायचा? हिरवा खोटा, लालही खोटा. मी राखाडी दिला. सकाळी सुपरवायझरनं विचारलं, "राखाडी म्हणजे चालू का बंद?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग तुमचा पडदा कशाला?" त्यांचं चुकलं नव्हतं. पण महिनाभरानं तेच वायरमनला आधी राखाडी चौकोनाकडे पिटाळत होते.

त्या रात्री मला सरांचा एक तास आठवला. "'तो घरी असेल.' काळ कुठला?" आम्ही म्हटलं, भविष्य. सर म्हणाले, "रूप भविष्याचं. पण मी बोलतोय आत्ताचं. मला खात्री नाही, एवढंच मला क्रियापदातून सांगायचंय." आहे, नाही, आणि असेल. पडद्यावर रेघ मारायची तर 'आहे' आणि 'नाही' पुरतात. दुसऱ्या कॉम्प्युटरचं काही सांगायचं असेल तर 'असेल' लागतं. माझ्या भाषेत ते रूप नव्हतं, म्हणून मी बाराही यंत्रांबद्दल बेधडक 'आहे' म्हणत होतो.

हा धडा मी एकटाच शिकलो नाही. नव्वदीच्या दशकात मोठमोठ्या कंपन्यांना एक स्वप्न पडलं होतं: दूरच्या कॉम्प्युटरवरची वस्तू अगदी जवळच्यासारखी वापरता आली पाहिजे, भाषेला फरक कळताच कामा नये. 1994 मध्ये सन मायक्रोसिस्टम्समधल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक टिपण लिहून हा फुगा फोडला. जवळचं आणि दूरचं यांत खरा फरक वेगाचा नाही, अर्धवट मोडण्याचा आहे, असं त्यांनी मांडलं. जवळचं मोडलं तर सगळंच मोडतं. दूरचं मोडलं तर तुम्ही शिल्लक राहता, आणि पलीकडे काय झालं हे सांगायला कुणी नसतं.

चित्र दुसऱ्या गावाला पाठवायचीही दोन घराणी होती. पहिलं एक्स विंडो, एमआयटीत 1984 मध्ये सुरू झालेलं. प्रोग्रॅम इथे चालतो, चित्र तिथे उमटतं, आणि वायरीवरून एकेक आज्ञा जाते: इथून इथवर रेघ मार. दुसरं 'न्यूज', सनमध्ये जेम्स गॉस्लिंग आणि डेव्हिड रोझेंथाल यांनी केलेलं. त्यांनी छपाईयंत्राची भाषा उचलली, पोस्टस्क्रिप्ट, आणि तिला कळ दाबल्याची दखल घ्यायला, एकाच वेळी अनेक कामं करायला शिकवलं. मग आज्ञा पाठवायच्याच नाहीत, छोटा प्रोग्रॅमच पलीकडे पाठवायचा. फोनवर रांगोळी सांगण्यासारखं आहे हे. एक मावशी सांगते, "ठिपका दे, आता दोन बोटं उजवीकडे, आता जोड." दुसरी पोरीला एकदा गोपद्म शिकवते आणि मग फोनवर नुसतं म्हणते, "तेहेतीस काढ." लाईन खराब असली की कुठली मावशी बरी, हे सांगायला नको. पण एक्स फुकट होतं आणि सगळ्यांकडे होतं, तेच जिंकलं. गॉस्लिंग पुढे जावाकडे वळले. प्रोग्रॅमच पलीकडे पाठवायचा हा विचार मात्र मेला नाही. तुम्ही मोबाईलवर रेल्वेचं तिकीट काढता तेव्हा त्या पानाबरोबर जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम तुमच्या हातात येऊन चालत असतो.

जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहा दिवसांत लिहिली, आणि तिचं वेडंवाकडं व्याकरण पाहिलं की ते खरंही वाटतं. पण एका बाबतीत तिची पत्रिका चांगली. तिचा जन्मच ब्राउझरमध्ये, म्हणजे कुणी कळ दाबायची वाट बघण्यात झाला. म्हणून 2009 मध्ये रायन डाल यांनी नोड काढून तिला थेट सर्व्हरवर बसवलं तेव्हा ती बुजली नाही. थांबायचं कसं हे ती शिकूनच आली होती. फक्त ते लिहायचं कसं, याचे हाल होते. प्रत्येक थांब्याला चिठ्ठी लिहून ठेवावी लागे: दूध आलं की तापव, त्या चिठ्ठीच्या पोटात चिठ्ठी, तापलं की निववून विरजण लाव, तिच्या पोटात आणखी चिठ्ठी. पाच चिठ्ठ्यांनंतर लोणी कुणाचं आणि ताक कुणाचं, काही कळत नसे.

इथे अखेर व्याकरण बदललं. सी-शार्पमध्ये 2012 ला, पायथनमध्ये 2015 ला, जावास्क्रिप्टमध्ये 2017 ला 'अवेट' आला, आणि 2020 च्या प्रमाण आवृत्तीत आमच्या सी-प्लस-प्लसमध्येही त्याचा भाऊबंद. ही लायब्ररीतली भर नव्हे, हा शब्द कंपायलरलाच शिकवावा लागला. वाक्य सरळ वरून खाली लिहायचं, आणि जिथे अवेट येईल तिथे प्रोग्रॅम खूण ठेवून उठतो, बाकीची दारं बघून येतो, उत्तर आलं की खुणेपासून पुढे. सरांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "अरे, हा तर आपला 'ऊन'!" दूध तापवून, निववून, विरजण लावून ती झोपली. तापवणं आणि निववणं यांच्या मधे ती अंगणात जाऊन आली असेल, शेजारणीशी बोलली असेल. वाक्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, त्यानं क्रम सांभाळला. मराठीत हा प्रत्यय शेकडो वर्षं आहे. आमच्या भाषांना तो सापडायला अर्धं शतक लागलं.

राखाडी चौकोनाची गोष्ट मी इथे नाशिकमध्ये एवढी लांबवली त्याला कारण आहे. 2003 च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी या सभागृहात अनेकांना आठवत असेल. 2015 च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर, आपल्या नाशिकचेच, यांच्या पुढाकारानं 'कुंभथॉन' भरलं. गावातली पोरं आणि बाहेरचे संशोधक एकत्र बसून गर्दी कशी मोजायची, कशी दाखवायची यावर खपले. आता पुढचा सिंहस्थ. गर्दीचा नकाशा प्रत्येकाच्या मोबाईलवर असेल. आणि माणसं जिथे सर्वांत दाट, तिथेच मोबाईलचं नेटवर्क आधी दमतं. रामकुंडाचा चौकोन हिरवा दिसेल तेव्हा तो आत्ताचा हिरवा की वीस मिनिटांपूर्वीचा? नकाशा करणाऱ्या मुलामुलींना माझी एकच विनंती आहे, राखाडी रंग ठेवा, आणि तो कधीपासून राखाडी आहे ते शेजारी लिहा. रंगसंगती बिघडते म्हणून कुणी काढायला सांगेल. काढू नका.

लहान मुलांना हे अवघड जातं असंही नाही. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत 'मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांच्यावरची शुगर नावाची प्रणाली बहुतांशी पायथनमध्ये लिहिलेली, चित्रांची आणि नेटवर्कची जोड दिलेली. तिच्यात 'शेजार' नावाचा एक देखावा होता. जवळचा प्रत्येक लॅपटॉप म्हणजे एक रंगीत बाहुला. मित्र टप्प्याबाहेर गेला की त्याचा बाहुला पडद्यावरून जायचा. तो आहे असं लॅपटॉप उगीच म्हणत राहायचा नाही.

एक किस्सा राहिला, तो सांगून वायरीकडे वळतो. त्याच सातपूरच्या पडद्यावर काही वर्षांनी मालकांना मराठी हवं झालं. मी वर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव टाकलं. पडद्यानं अक्षरं आली त्या क्रमानं मांडली. 'श'नंतर वेलांटी आली, तर ती त्यानं 'श'च्या पुढे, म्हणजे 'क'च्या आधी काढली. झालं 'नाशकि'. सुपरवायझर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गाव बदललं का साहेब?" शब्द आणायला आम्हाला इतकी वर्षं लागतात, अक्षरांचंही तसंच आहे.

तर हे दोन लॅपटॉप. डावीकडच्यावर कासवाचा प्रोग्रॅम चालेल, चित्र उजवीकडच्यावर उमटेल, एक्स विंडोच्या जुन्या पद्धतीनं. हल्ली सुरक्षेसाठी हे दार बंद ठेवलेलं असतं, आज तुमच्यासाठी मुद्दाम उघडलं आहे. पहिल्या रांगेतला तो निळ्या शर्टातला मुलगा, ये बाळा इकडे. मी तीन म्हटलं की ही वायर उपटायची. घाबरू नकोस, काही मोडत नाही.

चाललं कासव. एक बाजू. वळलं. दुसरी बाजू. तीन!

थांबलं. तिसऱ्या बाजूच्या अर्ध्यावर. आता डावीकडचा लॅपटॉप बघा, त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे, तो पुढच्या आज्ञा पाठवतोच आहे. उजवीकडचा म्हणतो, काही आलं नाही. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत आहेत. लाव बघू वायर परत. नीट, टक आवाज येईपर्यंत.

नाही, लगेच नाही निघायचं ते. डावीकडचा ठरावीक वेळानं पुन्हा पाठवून बघतो, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त थांबतो. आपणही थांबू.

निघालं. बघा, वळलं चौथ्या बाजूला.